यीस्टमधलं कोलॅजन आणि डोळ्यावरचे टाके: एका कॉर्निया-चाचणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

२००७ साली स्वीडनमधल्या लिंशॉपिंग इथे दहा रुग्णांच्या एकेका डोळ्यावर एक वेगळी शस्त्रक्रिया झाली. कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाचा, खराब झालेला पुढचा थर काढून तिथे पारदर्शक, पाणीदार, भिंगासारखा वक्र असा तुकडा बसवण्यात आला. तो कुठल्याही दात्याकडून आला नव्हता. यीस्टमध्ये माणसाचं जनुक घालून तयार केलेल्या कोलॅजन या प्रथिनापासून तो बनवला होता आणि त्यात एकही पेशी नव्हती. दहापैकी नऊ जणांना वाढलेला केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन पुढे येण्याचा विकार) होता आणि एकाच्या कॉर्नियात कायमचा व्रण होता. रुग्णांची ओळख प्रसिद्ध झालेली नाही आणि इथे तिची गरजही नाही.

रीकॉम्बिनंट, म्हणजे दुसऱ्या जिवात जनुक घालून बनवलेल्या, कोलॅजनवर बोलताना बहुतेक लोक प्रथिनाच्या निर्मितीपाशी थांबतात: कोणत्या सूक्ष्मजीवात बनवलं, किती शुद्ध निघालं. माणसाच्या शरीरात गेल्यावर त्या प्रथिनाचं पुढे काय झालं, याची वर्षानुवर्षं ठेवलेली नोंद मात्र फार थोड्या ठिकाणी सापडते. ती इथे आहे, म्हणून हे प्रकरण निवडलं.

मधोमध कॉर्नियाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि त्यातला सुमारे नव्वद टक्के भाग म्हणजे स्ट्रोमा, जो मुख्यतः कोलॅजनचा असतो. साधारण ३० नॅनोमीटर जाडीचे एकसारखे तंतू ठरावीक अंतरावर रचलेले असतात, त्यामुळे प्रकाश विखुरत नाही. कातडीतही कोलॅजनच असतं, पण तिथली रचना जाड आणि अस्ताव्यस्त, म्हणून ती अपारदर्शक. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. चष्मा कामाचा राहत नाही, मग कॉन्टॅक्ट लेन्सही बसेनाशी होते आणि शेवटी प्रत्यारोपणाचा सल्ला मिळतो.

प्रत्यारोपणासाठी कॉर्निया लागतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक सर्वेक्षणानुसार सुमारे १ कोटी २७ लाख लोक त्याची वाट पाहत होते आणि गरजू ७० असतील तर कॉर्निया एकाला मिळत होता. वाट पाहणाऱ्यांमध्ये भारतीयांचा वाटा फार मोठा आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावं, असं आपल्याकडे वारंवार सांगितलं जातं. त्यानंतरही नेहमीच्या थंड साठवणीत ऊतक काही दिवस ते फार तर दोनेक आठवडेच टिकतं.

अडचण

कॅनडातल्या ओटावा इथे मे ग्रिफिथ यांचा गट कृत्रिम कॉर्नियावर बरीच वर्षं काम करत होता. जिवंत पेशी घातलेला ‘तयार’ कॉर्निया बसवण्याऐवजी नुसता कोलॅजनचा साचा बसवायचा आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि नसा त्यात वाढू द्यायच्या, अशी त्यांची कल्पना होती. आता प्रश्न होता की हे कोलॅजन आणायचं कुठून.

जनावरांच्या कातडीपासून आणि स्नायुबंधांपासून काढलेलं कोलॅजन स्वस्त आणि मुबलक आहे. पण त्याबरोबर तीन चिंता येतात. पहिली, रोगजंतूंची, ब्रिटनमधल्या ‘मॅड काऊ’ साथीनंतर गायीपासून मिळवलेल्या प्रत्येक वैद्यकीय पदार्थाकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं. दुसरी, प्रतिकारशक्तीची, १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या गोवंशीय कोलॅजनच्या इंजेक्शनआधी कातडीवर चाचणी घ्यावी लागे, कारण सुमारे ३ टक्के लोकांना त्याची अ‍ॅलर्जी निघे. तिसरी चिंता प्रयोगशाळेत रोज भेटते. जनावराचं वय, कातडीचा भाग, काढण्याची पद्धत यांपैकी काहीही बदललं की एका खेपेचं कोलॅजन दुसऱ्या खेपेसारखं वागत नाही.

मग माणसाचंच कोलॅजन सूक्ष्मजीवात बनवावं, हे सुचायला सोपं, करायला महाकठीण. कोलॅजनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून राहतात. या तिपेडी रचनेचा पहिला पटण्याजोगा नमुना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली मद्रासमध्ये मांडला. ही रचना शरीराच्या तापमानाला टिकते ती हायड्रॉक्सिप्रोलीनमुळे, म्हणजे साखळीतल्या प्रोलीनवर नंतर बसवलेल्या हायड्रॉक्सिल गटामुळे. तो नसेल तर मानवी कोलॅजनचा पीळ २४ अंश सेल्सिअसच्या आसपासच सुटतो आणि हाती उरतं ते जिलेटिन. हा गट बसवणारं प्रोलिल ४-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम ना ई. कोलाय या जिवाणूत असतं ना यीस्टमध्ये.

इथला अडसर फिनलंडमधल्या औलू विद्यापीठातल्या गटानं दूर केला. १९९७ साली त्यांनी पिचिया पास्टोरिस या यीस्टमध्ये तिसऱ्या प्रकारच्या मानवी कोलॅजनचं जनुक आणि या एन्झाइमच्या दोन्ही उपघटकांची जनुकं एकत्र घातली. त्यात दिसलेली गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. कोलॅजन नसेल तर एन्झाइमची चार भागांची जुळणी टिकत नाही, आणि एन्झाइम नसेल तर स्थिर कोलॅजन साठत नाही. दोघांना एकमेकांचा आधार लागतो. जनुकं एकामागून एक वेगवेगळी तपासत बसलं असतं, तर दोन्ही प्रयोग फसल्यासारखे दिसले असते. पुढे फायब्रोजेन या अमेरिकी कंपनीनं हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर नेला आणि ओटावाच्या गटाला मानवी कोलॅजन मिळू लागलं.

समोरचे पर्याय

दात्याचा कॉर्निया हा पहिला पर्याय आणि तोच प्रस्थापित उपचार. जिथे नेत्रपेढ्या नीट चालतात, तिथे निकाल चांगले येतात. पण दात्याच्या पेशी परक्या असल्यानं रिजेक्शनचा, म्हणजे शरीरानं ते ऊतक नाकारण्याचा, धोका राहतो आणि स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने चालतात.

दुसरा पर्याय प्लास्टिकच्या कृत्रिम कॉर्नियाचा, म्हणजे केराटोप्रोस्थेसिसचा. इतर उपाय संपलेल्यांसाठी तो मोलाचा आहे. पण त्याच्या बोस्टन प्रकाराला धरून ठेवायला दात्याचाच कॉर्निया लागतो, प्रतिजैविक थेंब आयुष्यभर घालावे लागतात आणि काचबिंदूची भीती कायम असते. जो डोळा साच्यावर स्वतःच भरून निघू शकतो, त्यात प्लास्टिक बसवायचं कशाला?

तिसरा पर्याय जनावरांचं शुद्ध केलेलं कोलॅजन, चौथा रीकॉम्बिनंट मानवी कोलॅजन. गटानं चौथा निवडला. चाचणी माणसांवर करायची असल्यानं ज्याचं मूळ, अमिनो आम्लांचा क्रम आणि शुद्धता ठामपणे सांगता येईल असा पदार्थ हवा होता, आणि त्या काळात हा निर्णय समजण्यासारखा होता.

खरा विचार पुढच्या टप्प्यावर झाला: कोलॅजनचा पहिला प्रकार की तिसरा? निरोगी कॉर्नियात मुख्यतः पहिल्या प्रकारचं कोलॅजन असतं. तिसऱ्या प्रकारचं अगदी थोडं असतं आणि जखम भरताना वाढतं. म्हणजे निसर्गाची नक्कल करायची तर पहिला प्रकारच घ्यायला हवा. पण पहिल्या प्रकाराच्या रेणूत दोन वेगळ्या जनुकांच्या साखळ्या दोनास एक या प्रमाणात जुळाव्या लागतात, तर तिसऱ्यात तिन्ही साखळ्या सारख्या. बनवायला तिसरा सोपा. केवळ सोय पाहून निर्णय झाला असता तर मी त्यावर टीका केली असती. पण गटानं दोन्ही प्रकारांचे साचे करून शेजारी शेजारी तपासले आणि लहान जातीच्या डुकरांच्या डोळ्यांत बारा महिने ठेवून पाहिले. दोन्ही साचे डोळ्यानं स्वीकारले, दोन्हींत पेशी शिरल्या. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत तिसरा प्रकार काहीसा सरस दिसला. ‘ऊतकात जे असतं तेच घालायला हवं’ हा समज त्यांनी गृहीत न धरता तपासला. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत पक्का वाटणारा निर्णय हाच.

काय केलं

नुसतं कोलॅजनचं द्रावण डोळ्यात टिकणार नाही. साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात. ग्लुटराल्डिहाइडनं बंध पक्के होतात, पण ते स्वतः पदार्थात अडकून राहतं आणि पेशींना बाधतं. म्हणून कार्बोडायइमाइड वापरलं. ते कोलॅजनच्याच अमाइन आणि कार्बोक्सिल गटांना थेट जोडून देतं, स्वतः बंधात उरत नाही आणि उरलेलं धुऊन निघतं. साच्यात घातलेलं घट्ट द्रावण काही तासांत कॉर्नियाच्या आकाराचा पारदर्शक हायड्रोजेल होतं.

शस्त्रक्रिया लिंशॉपिंगचे नेत्रशल्यचिकित्सक पेर फागरहोम यांनी केली. कॉर्निया पूर्ण जाडीचा न बदलता फक्त पुढचा थर काढायचा आणि सर्वांत आतला, पाणी उपसणाऱ्या पेशींचा एंडोथेलियम जागेवरच ठेवायचा, असं ठरलं. पेशी नसलेला साचा एंडोथेलियमचं काम करू शकत नाही, त्यामुळे पूर्ण जाडीचा प्रयोग या पदार्थासाठी चुकीचा ठरला असता. शिवाय काही बिघडलं, तर दात्याचा कॉर्निया बसवायची वाट मोकळी राहत होती. पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत ही परतीची वाट ठेवणं रुग्णाच्या दृष्टीनं फार मोलाचं असतं.

मात्र दात्याचा कॉर्निया कडेनं टाके घालून शिवतात, तसा हा मऊ जेल शिवता येत नव्हता. सुईच्या भोकापासून तो फाटला असता. म्हणून टाके साच्यावरून आडवे नेले आणि दोन्ही बाजूंच्या मूळ ऊतकात रोवले. धागे साच्याला वरून दाबून धरणार, एपिथेलियमचा, म्हणजे कॉर्नियाच्या सर्वांत बाहेरच्या पेशींचा, थर वर चढला की ते काढायचे, अशी योजना होती. स्टेरॉइडचे थेंब काही आठवड्यांपुरतेच द्यायचे होते.

निष्पत्ती

दोन वर्षांचे निकाल ऑगस्ट २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दहाही डोळ्यांत एपिथेलियम पूर्ण वाढलं आणि अश्रूंचा थर पूर्ववत झाला. रुग्णांच्या स्वतःच्या स्ट्रोमा पेशी साच्यात शिरल्या. नसा परत वाढल्या आणि स्पर्शाची जाणीव परतली, तीही दात्याच्या कॉर्नियात दिसते तितकी किंवा त्याहून जास्त. रिजेक्शन एकाही डोळ्यात झालं नाही.

दृष्टी शस्त्रक्रियेपूर्वीच्या तुलनेत सुधारली ती सहा जणांची. कॉन्टॅक्ट लेन्स बसवल्यावर चित्र बरंच चांगलं झालं. चार वर्षांनी सरासरी दुरुस्त दृष्टी २०/५४ होती, म्हणजे आपल्याकडच्या तक्त्यावर साधारण ६/१६. तुलनेच्या गटात दात्याचा कॉर्निया मिळालेल्यांना दृष्टी याहून चांगली लाभली, पण स्टेरॉइड जास्त काळ देऊनही तिथे दाह दिसला आणि रिजेक्शनचा एक प्रसंगही घडला.

डोळ्यानं साचा आपलासा केला, तरी दृष्टी मागे का राहिली? उत्तर टाक्यांमध्ये आहे. जिथे जिथे धागा साच्यावर दाबला गेला, तिथे एपिथेलियमला पुढे सरकायला उशीर झाला. उघडा राहिलेला जेल त्या जागी पातळ झाला आणि काही रुग्णांत तिथे तंतुमय व्रण धरला. पृष्ठभाग उंचसखल झाला की प्रकाश एका जागी येत नाही. पेशी, नसा, अश्रू सगळं ठीक असूनही प्रतिमा धूसरच राहते.

निर्णयांकडे पुन्हा पाहताना

गटानं सर्वांत जास्त काळजी घेतली ती प्रथिनाच्या मूळ स्रोताची: मानवी क्रम, जनावराचा अंश नाही, खेपेगणिक फरक नाही. त्या आघाडीवर निकाल निर्विवाद आला. पण रिजेक्शन न होण्याचं श्रेय पूर्णपणे मानवी क्रमाला देता येत नाही. दात्याच्या कॉर्नियात प्रतिकारशक्ती हल्ला करते तो प्रामुख्यानं परक्या पेशींवर, आणि या साच्यात पेशीच नव्हत्या. कोलॅजनचा क्रम सस्तन प्राण्यांमध्ये फारसा बदलत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. मानवी क्रम आणि पेशींचा अभाव या दोन कारणांपैकी कोणतं किती महत्त्वाचं, हे या चाचणीच्या रचनेतून कळणं शक्य नव्हतं, कारण जनावराच्या कोलॅजनचा पेशीविरहित साचा तुलनेला ठेवलेला नव्हता. पहिल्या टप्प्यात असा गट ठेवत नाहीत, हे मान्य. तरी निष्कर्ष वाचताना ही मर्यादा विसरू नये.

दृष्टीचा निकाल मात्र ठरला साच्याच्या ताकदीवर आणि तो बसवण्याच्या पद्धतीवर. माझ्या मते इथे क्रम उलटा हवा होता. शल्यचिकित्सकाला आधी विचारायचं, ‘हे डोळ्यात कसं धरून ठेवणार?’ आणि त्या उत्तरातून पदार्थाला किती ताण सोसावा लागेल हे ठरवायचं. झालं असं की पदार्थ तयार झाला आणि मग त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेणारे टाके शोधावे लागले. डुकरांवरच्या प्रयोगांत साचा तगला, पण जनावर तक्ता वाचून दाखवत नाही. पृष्ठभागाचा थोडासा उंचसखलपणा वाचताना किती त्रास देतो, ते माणसाच्याच डोळ्यात कळतं. प्राण्यांवरच्या टप्प्यात कॉर्नियाचा पृष्ठभाग किती सम आहे याच्या मोजमापाला पारदर्शकतेइतकंच वजन दिलं असतं, तर हा धोका कदाचित आधीच नजरेत भरला असता.

त्यानंतर घेतलेली दोन वळणं

एक वळण रीकॉम्बिनंट कोलॅजन कायम ठेवूनच घेतलं गेलं. त्याच तिसऱ्या प्रकाराच्या जाळ्यात फॉस्फोरिलकोलीन असलेल्या एमपीसी या बहुवारिकाचं दुसरं जाळं विणलं. दाह कमी व्हावा आणि रक्तवाहिन्या आत शिरू नयेत, हा हेतू. हे साचे युक्रेनमधल्या ओडेसाच्या फिलाटोव्ह संस्थेत अशा रुग्णांना बसवले, ज्यांच्या डोळ्यात दात्याचा कॉर्निया टिकण्याची शक्यता कमी होती. पहिल्या तीन रुग्णांचे निकाल २०१५ साली आले. इथे ध्येयही वेगळं होतं: वेदना कमी व्हाव्यात, जखम भरावी, डोळा वाचावा. दृष्टी मिळाली तर अधिक. रुग्णाची निवड पदार्थाच्या ताकदीशी अशी जुळवली, की तोच पदार्थ अधिक उपयोगी पडतो.

दुसरं वळण भारतीय वाचकाला जवळचं आहे. २०१० च्या शोधनिबंधातले एक सहलेखक नील लगाली आणि लिंशॉपिंगचेच मेहरदाद रफत यांच्या गटानं रीकॉम्बिनंट कोलॅजन बाजूला ठेवलं. अन्नउद्योगातून सहज मिळणाऱ्या डुकराच्या कातडीचं, वैद्यकीय दर्जाचं, पहिल्या प्रकारचं कोलॅजन त्यांनी घेतलं, त्याला रासायनिक आणि प्रकाश-रासायनिक असे दुहेरी बंध दिले आणि टाकेच काढून टाकले. फेमटोसेकंद लेझरनं कॉर्नियात एक खिसा करायचा, छोट्याशा चिरेतून साचा आत सरकवायचा, रुग्णाचं ऊतक काढायचं नाही. स्टेरॉइडचे थेंब आठ आठवडे. साचा दोन वर्षांपर्यंत साठवता येतो. इराणमधले १२ आणि दिल्लीच्या एम्समधले ८ असे वीस रुग्ण होते. निकाल ऑगस्ट २०२२ मध्ये आले. वीसपैकी १४ जण शस्त्रक्रियेपूर्वी अंध या व्याख्येत बसत होते. दोन वर्षांनी त्यांच्यापैकी एकही अंध राहिला नव्हता. आधी अंध असलेल्या तीन भारतीय रुग्णांना २०/२० दृष्टी लाभली. रिजेक्शन इथेही झालं नाही.

हे वाचून ‘मग रीकॉम्बिनंटची गरजच काय’ असं म्हणणं घाईचं होईल. २०२२ मधल्या रुग्णांना केराटोकोनस होता, पण कॉर्नियावर व्रण नव्हते. शस्त्रक्रिया वेगळी, बंध वेगळे, कोलॅजनचा प्रकार वेगळा. इतक्या गोष्टी एकदम बदलल्या असताना यश कोणत्या बदलाचं, हे सांगता येत नाही. प्राणिज स्रोताबद्दल धार्मिक किंवा वैयक्तिक आक्षेप असणाऱ्या रुग्णासाठी यीस्टमधलं कोलॅजन हा खरा पर्याय आहे. आपल्याकडे संमतिपत्रावर सही घेताना कोलॅजन डुकराचं आहे की गायीचं, हे मराठीत, स्पष्ट शब्दांत सांगितलंच पाहिजे. आणि संशोधनात, जिथे एखाद्या पेशीनं कोलॅजनच्या नेमक्या कोणत्या भागाला धरलं हे तपासायचं असतं, तिथे क्रम हवा तसा बदलता येण्याची सोय फक्त रीकॉम्बिनंट प्रथिनातच मिळते.

अजून काय तपासायचं राहिलं

यीस्टमधलं मानवी कोलॅजन आणि डुकराचं कोलॅजन, दोन्हींना सारखेच दुहेरी बंध देऊन, त्याच लेझरच्या खिशात, सारख्याच टप्प्यावरच्या केराटोकोनसमध्ये बसवून पाहिलं पाहिजे. २०२२ च्या अभ्यासात अशी तुलना नव्हती. मोजायचं काय, हे पहिल्या चाचणीनं दाखवून दिलं आहे: साच्याची जाडी, पृष्ठभागाचा समपणा, नसांची वाढ, आणि लेन्ससह व लेन्सविना दृष्टी, निदान चार वर्षांपर्यंत. सोबत प्रत्येक साच्याचा उत्पादन खर्चही नोंदवावा. दोन्ही गटांची दृष्टी सारखी आली, तर सरकारी रुग्णालयात कोणता साचा पोहोचेल हे तो आकडाच ठरवेल.